अमेरिकेत पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेताना

अमेरिकेत राहणारी मराठी माणसे रायफल घेण्याचा विचार करू लागतात, त्यामागची कारणे निरनिराळी असतात. कोणाला कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या शिबिरात .२२ रायफलीवर नेम धरल्याचे आठवत असते, कोणी ऑफिसातल्या सहकाऱ्यांकडून रेंजची, म्हणजे नेमबाजीच्या मैदानाची, वर्णने ऐकलेली असतात, कोणाच्या मुलीला शाळेच्या नेमबाजी संघात जायचे असते, तर कोणी शहराबाहेर चार एकरांवर घर घेतलेले असते. हा लेख अशा सर्वस्वी नवख्या खरेदीदारांसाठी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. पहिली सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस स्वतःच भरून घेणारी, रायफल .२२ लाँग रायफल या छोट्या काडतुसाची असावी, आणि ती घरात येण्यापूर्वी कायदा, तिजोरी व प्रशिक्षण या तीन गोष्टी मार्गी लागलेल्या असाव्यात. दुकानातला विक्रेता बहुधा उलट्या क्रमाने बोलतो, कारण त्याच्या दृष्टीने रायफल ही पहिली वस्तू असते. आपल्या दृष्टीने ती शेवटची असली पाहिजे.

पहिली पायरी : आपण पात्र आहोत का?

दुकानात पाऊल टाकण्याआधी आपला व्हिसा पाहावा. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीला बंदूक विकत घेण्याचीच नव्हे, तर जवळ बाळगण्याचीही अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने मनाई आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सगळे व्हिसे याच तात्पुरत्या गटात मोडतात. या मनाईला थोडे अपवाद आहेत आणि त्यांपैकी सामान्य माणसाच्या उपयोगाचा एकच : अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला आणि मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. असा परवाना अनेक राज्यांत सहज मिळतो, म्हणून बरेच जण त्याला राजमार्ग समजतात. मी तसे समजत नाही. परवान्याची मुदत संपली आणि नवा काढायचा राहिला, तर कपाटातली रायफल त्या दिवसापासून बेकायदा ठरते. आणि परदेशी नागरिकाच्या बाबतीत बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणे हे हद्दपारीचे कारण आहे. ज्या ग्रीन कार्डासाठी माणूस वर्षानुवर्षे रांगेत उभा राहतो, ते असल्या विसराळूपणावर पणाला लावू नये. ग्रीन कार्ड हातात आले की संघराज्य कायद्यापुरती ही मनाई उरत नाही. त्याआधीच रायफल हवी असेल, तर इमिग्रेशनच्या वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये.

येथे दोन गोष्टी आपल्या लोकांच्या लक्षातून निसटतात. रेंजवर भाड्याने घेतलेली किंवा मित्राची रायफल हातात धरणे, हेही कायद्याच्या नजरेत बाळगणेच ठरू शकते. त्यामुळे व्हिसाधारकाने एखादा सहकारी ‘एकदा चालवून तर बघ’ म्हणाला, तरी नम्रपणे नकार द्यावा. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्याकडे पत्नी नागरिक आणि पती एच-१बीवर, किंवा याच्या उलट, अशी घरे पुष्कळ आहेत. अशा घरात पात्र असलेल्या जोडीदाराने स्वतःसाठी रायफल घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. पण तिजोरीची किल्ली किंवा आकडे दुसऱ्या जोडीदाराकडे असता कामा नयेत, कारण वस्तू हातात नसली तरी ती हवी तेव्हा हाताशी येण्याची सोय असणे, हेही ताबा असण्यासारखे धरले जाऊ शकते. एकाने पैसे द्यायचे, रायफलही त्याच्यासाठीच घ्यायची आणि अर्जावर नाव मात्र दुसऱ्याचे लावायचे, हा तर सरळ गुन्हा आहे. २०२२ च्या कायद्याने अशा आडून केलेल्या खरेदीची कमाल शिक्षा १५ वर्षे केली आहे.

ज्यांच्या राज्यात गांजा कायदेशीर आहे, त्यांनी एक लक्षात ठेवावे. खरेदीच्या वेळी भरायच्या अर्जात गांजाच्या सेवनाविषयी थेट प्रश्न असतो, आणि राज्याने परवानगी दिली असली तरी संघराज्य कायदा ती मानत नाही, असा इशारा त्याच प्रश्नाखाली छापलेला असतो. अर्जावर खोटे लिहिणे हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे.

दुसरी पायरी : राज्याचा कायदा

संघराज्य कायद्यानुसार परवानाधारक दुकानातून रायफल घेण्यासाठी वय १८ पुरे असले, तरी फ्लोरिडासारख्या काही राज्यांनी ते २१ केले आहे. राज्याराज्यांतला खरा फरक मात्र याच्याही पुढचा आहे. टेक्सासमध्ये रायफल घेण्यासाठी राज्याचे वेगळे कार्ड लागत नाही. न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून खरेदीदाराचे ओळखपत्र मिळवावे लागते, इलिनॉयमध्ये एफओआयडी नावाचे कार्ड लागते, आणि कॅलिफोर्नियात लेखी परीक्षा देऊन सुरक्षा प्रमाणपत्र घ्यावे लागते व त्यानंतर रायफल ताब्यात मिळण्यासाठी १० दिवस थांबावे लागते. न्यू जर्सी व कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांत मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलीला काडतुसे पुरवणाऱ्या डबीत, १० पेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत. काही राज्यांत एआर-१५ सारख्या सैनिकी धाटणीच्या रायफलींवर पूर्ण किंवा अंशतः बंदी आहे, आणि या बंद्यांवर न्यायालयांत खटले चालू असल्याने नियम मधूनमधून बदलत असतात. म्हणून राज्याच्या पोलीस खात्याच्या किंवा ॲटर्नी जनरलच्या अधिकृत पानावरचा आजचा मजकूर वाचावा. मित्राने मागच्या वर्षी काय केले, हे प्रमाण मानू नये.

.२२ च्या बाजूने पहिला मुद्दा येथेच मिळतो. कॅलिफोर्नियाच्या बंदीतले पिस्तूलमुठीसारख्या भागांविषयीचे नियम मोठ्या, म्हणजे बुडाच्या मध्यावर आघात होऊन पेटणाऱ्या सेंटरफायर काडतुसांच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींना उद्देशून लिहिलेले आहेत; .२२ हे रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणारे काडतूस असल्याने त्यांच्या कक्षेत येत नाही. सगळ्या राज्यांत अशीच सवलत असते असे नाही, पण नवख्याला कायद्याच्या बारकाव्यांत अडकण्याचा धोका लहान काडतुसात सहसा कमी असतो.

तिसरी पायरी : घरात बोलणे आणि कुलूप लावणे

रायफल घेण्याचा निर्णय एकट्याने घेऊ नये. घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला ती कोठे राहणार, किल्ली कोणाकडे असणार आणि मुले, त्यांचे मित्र व सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आई-बाबा घरात असताना काय करायचे, हे आधी ठरलेले ठाऊक असावे. मुलांना ‘हात लावू नको’ असे सांगितले म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्या पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की मुलाचे कुतूहल आपल्या दटावणीपेक्षा मोठे असते. तेथे कुलूपच उपयोगी पडते. अनेक राज्यांत मुलाच्या हाती बंदूक लागली तर पालकावर खटला भरण्याची तरतूद आहे.

साधी पोलादी कपाटवजा तिजोरी दीडशे-दोनशे डॉलरच्या आसपास मिळते. ती भिंतीला बोल्टने पक्की करावी. रायफल रिकामी, कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात, ही पद्धत पहिल्या दिवसापासून ठेवावी. तारेचे कुलूप तर फुकट मिळते. ‘प्रोजेक्ट चाइल्डसेफ’ या उपक्रमातून अनेक ठिकाणच्या पोलीस ठाण्यांत ते वाटले जाते. तिजोरी घरी येऊन भिंतीला लागल्यानंतरच रायफलीचे पैसे भरावेत.

आणखी एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या समाजात ती बोलली जात नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात. नोकरी गेलेली, व्हिसाची मुदत अंगावर आलेली, संसार मोडू लागलेला, अशा काळातून जाणारे कोणी घरात असेल, तर रायफलीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आणि ती आधीच घरात असेल, तर राज्याच्या कायद्यात बसेल अशा रीतीने काही काळ घराबाहेर ठेवण्याची व्यवस्था करावी. काही दुकाने आणि रेंज अशी सोय देतात. ९८८ या क्रमांकावर अहोरात्र मदत मिळते.

चौथी पायरी : यंत्र समजून घेणे

सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. मात्र त्याच स्फोटाच्या जोराने बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग, मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि स्प्रिंगच्या दाबाने परत पुढे येताना बोल्ट मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, बसवतो. हे सगळे निमिषार्धात आणि आपण काहीही न करता घडते. एन.सी.सी.त बोल्ट हाताने ओढायच्या रायफलीवर शिकलेल्यांनी याचा नीट विचार करावा, कारण तेथे गोळी झाडल्यानंतर आपण बोल्ट फिरवेपर्यंत रायफल पुन्हा झाडता येत नाही. येथे उलट आहे : प्रत्येक गोळीनंतर रायफल पुन्हा भरलेली आणि तयार असते. जुन्या सवयीने ‘झाडून झाली’ असे समजून नळी इकडेतिकडे वळवणे फार धोक्याचे आहे.

याच कारणाने रायफल रिकामी करण्याचा क्रम अंगवळणी पडला पाहिजे. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर आणि सेफ्टी (ट्रिगर अडवणारा खटका) लावलेली, इतके झाल्यावर आधी मॅगझिन काढावे, मग बोल्ट मागे ओढून चेंबरमधले काडतूस बाहेर काढावे, बोल्ट मागेच अडकवून ठेवावा आणि चेंबर डोळ्यांनी पाहून, करंगळीने चाचपून खात्री करावी. क्रम उलटला तर काय होते, ते पाहा. मॅगझिन आत असताना बोल्ट ओढला, की चेंबरमधले काडतूस बाहेर पडलेले दिसते, मनाला वाटते रायफल रिकामी झाली. पण बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस आत घेऊन गेलेला असतो. त्यानंतर मॅगझिन काढले तरी चेंबर भरलेलेच राहते. ‘रिकामी होती’ असे सांगितले जाणाऱ्या अपघातांत हा एक ठरलेला प्रकार आहे.

पाचवी पायरी : काडतूस निवडणे

दुकानात गेल्यावर दोनच नावे सारखी ऐकू येतील : .२२ लाँग रायफल, आणि .२२३ रेमिंग्टन व तिचे सैनिकी भावंड ५.५६. आकडे जवळजवळ सारखे दिसले तरी दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गोळीचा व्यास जवळपास सारखाच असला तरी .२२३ मध्ये दारू कितीतरी पट जास्त असते, त्यामुळे वेग, आवाज आणि मारा सगळेच वाढते. .२२ चे काडतूस साधारण सात ते दहा सेंटांना पडते, तर .२२३ चे चाळीस ते साठ सेंटांना. भाव वरखाली होतात, पण प्रमाण साधारण हेच राहते. एका सुट्टीच्या दिवशी २०० गोळ्या झाडल्या, तर एकीकडे वीस डॉलरच्या आत भागते आणि दुसरीकडे शंभरी गाठली जाते.

पैशांपेक्षाही महत्त्वाचे आहे ते शिकणे. मोठा आवाज आणि धक्का यांमुळे नवखा माणूस ट्रिगर दाबण्याच्या क्षणी नकळत डोळे मिटतो, खांदा आक्रसून घेतो आणि हात खाली दाबतो. ही सवय एकदा लागली, की मोडायला फार दिवस जातात. .२२ मध्ये धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे श्वास, नेम आणि बोटाचा दाब यांकडे मन देता येते, चुकलेली गोळी का चुकली हे कळते, आणि घरातली १२ वर्षांची मुलगी व ६० वर्षांचे सासरे दोघेही तीच रायफल आनंदाने चालवू शकतात.

लहान काडतूस म्हणजे निरुपद्रवी काडतूस, असा मात्र याचा अर्थ मुळीच नाही. .२२ ची गोळी दीड मैलापर्यंत धोकादायक असते, असा इशारा काडतुसांच्या खोक्यांवरच छापलेला असतो. मागे मातीचा भक्कम बांध नसताना, आपल्या चार एकरांतसुद्धा, ती झाडू नये.

जे कोणी विचारपूर्वक .२२३ कडे जातील, त्यांनी नळीवर कोरलेले चेंबरचे नाव वाचावे. ५.५६ चे चेंबर असेल तर दोन्ही काडतुसे चालतात. .२२३ रेमिंग्टन एवढेच कोरलेले असेल तर ५.५६ वापरू नये, कारण दाब मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. तसेच .३०० ब्लॅकआउट हे वेगळ्या जाडीच्या गोळीचे काडतूस .२२३ च्याच मॅगझिनमध्ये मावते, आणि चुकून .२२३ च्या रायफलीत झाडले गेले तर रायफल फुटते. नवख्याच्या घरात ही दोन्ही एकत्र असूच नयेत.

सहावी पायरी : अंगाला बसेल ती रायफल

माझी पहिली शिफारस रूगर १०/२२ ही आहे. ही रायफल १९६४ पासून बाजारात आहे, नवी साधारण तीनशे ते चारशे डॉलरमध्ये मिळते, वजन सव्वादोन किलोच्या आसपास असते, आणि तिचे १० काडतुसांचे फिरते मॅगझिन पोटात सपाट बसते, त्यामुळे दहाची मर्यादा असलेल्या राज्यांतही अडचण येत नाही. सुटे भाग, दुरुस्ती करणारे आणि माहितगार लोक सगळीकडे सापडतात. तिचा एक स्वभाव मात्र आधी जाणून घ्यावा : शेवटची गोळी झाडल्यावर तिचा बोल्ट आपोआप मागे अडकून राहत नाही. म्हणजे रायफल रिकामी आहे की भरलेली, हे बाहेरून दिसत नाही; ते दर वेळी तपासावेच लागते. मी याला दोष मानत नाही, उलट शिकणाऱ्याला त्यामुळे तपासण्याची शिस्त लागते, पण हे माहीत नसलेल्या माणसाच्या हाती ती देऊ नये.

दुसरा चांगला पर्याय स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ हा आहे. तिची ठेवण एआर-१५ सारखी आहे, शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे राहतो, आणि तिच्या बहुतेक प्रकारांत दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा भाग, मागेपुढे सरकवता येतो. मात्र नेमक्या या ठेवणीमुळेच काही राज्यांत ती जशीच्या तशी विकता येत नाही. पुढेमागे एआर घ्यायचीच असे ज्यांचे ठरले आहे, त्यांना हिच्यावर हात बसवणे सोयीचे जाते. मार्लिन मॉडेल ६० ही जुनी, नळीवजा मॅगझिनची रायफल वापरलेल्या मालात स्वस्तात मिळते. नेमाला ती उत्तम आहे. पण मॅगझिन काढून बाजूला ठेवता येत नसल्याने ती रिकामी करणे किचकट होते, म्हणून मी ती नवख्याला सुचवत नाही.

कोणतीही रायफल घेण्याआधी खांद्याला लावून पाहावी. ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर सर्वसाधारण रायफलीत साडेतेरा इंचांच्या आसपास असते, आणि ते सरासरी अमेरिकी पुरुषाच्या मापाने ठरलेले असते. आपल्याकडच्या अनेक बायकांना आणि बऱ्याच पुरुषांनाही ते लांब पडते. दस्ता लांब असला की माणूस तोल सावरायला कमरेतून मागे झुकतो, मान पुढे ताणतो, आणि दहा मिनिटांत पाठ दुखू लागते. अशांनी आखूड दस्त्याचा कॉम्पॅक्ट प्रकार किंवा सरकता दस्ता मागावा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. मान न हलवता नजर थेट नेमकाट्यांवर पडली, तर माप बसले.

डोळ्यांचेही पाहावे. दोन्ही हात लांब करून तळव्यांचा छोटा त्रिकोण करावा, त्यातून दूरची एखादी वस्तू पाहावी आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला ती वस्तू त्रिकोणातच दिसत राहते, तो आपला प्रबळ डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर रायफल डाव्या खांद्यावर शिकण्याचा विचार सुरुवातीलाच करावा. नेमासाठी रायफलीबरोबर आलेले साधे काटे काही महिने वापरावेत, असे मला वाटते. लाल ठिपक्याची दुर्बीण सोपी असते खरी, पण चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर असलेल्यांना तो ठिपका फाटलेला किंवा शेपूट फुटल्यासारखा दिसतो. म्हणून ती घेण्याआधी दुकानात डोळ्याला लावून पाहावी. बाकीची सजावट, म्हणजे दिवे, मुठी, वेगळ्या नळ्या, हे काहीही पहिल्या वर्षात घेऊ नये. विशेषतः नळी १६ इंचांपेक्षा आखूड झाली, की रायफल १९३४ च्या कडक नोंदणी कायद्याखाली जाते, त्यामुळे ती कारखान्यातून आली तशीच ठेवावी.

सातवी पायरी : खरेदी

शक्य असेल तर आधी एखाद्या रेंजवर दोन-तीन रायफली भाड्याने घेऊन चालवाव्यात. अनेक रेंज एकट्या आलेल्या अनोळखी माणसाला बंदूक भाड्याने देत नाहीत, तेव्हा सोबत कोणी पात्र जोडीदार असावा. खरेदी परवानाधारक दुकानातूनच करावी. इंटरनेटवरून मागवलेली नवी रायफलही घरी येत नाही. ती आपल्या जवळच्या परवानाधारक दुकानात येते आणि थोडे शुल्क घेऊन तेथूनच ताब्यात दिली जाते.

काउंटरवर ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता आपल्या आजच्या राहत्या पत्त्याशी जुळला पाहिजे. नुकतेच घर बदलले असेल तर आधी लायसन्स बदलून घ्यावे, नाहीतर फेरी फुकट जाऊ शकते. ग्रीन कार्डधारकाने आपला एलियन नंबर सोबत ठेवावा. मग दुकानदार एफबीआयच्या किंवा राज्याच्या यंत्रणेकडून पार्श्वभूमी तपासून घेतो. उत्तर बहुतेकदा काही मिनिटांत येते, परंतु परदेशात जन्मलेल्यांच्या बाबतीत इमिग्रेशनच्या नोंदीही तपासल्या जात असल्याने ‘थांबा’ असे उत्तर येऊ शकते. त्याने बिचकून जाऊ नये आणि दुकानदाराशी वादही घालू नये. आपली कागदपत्रे स्वच्छ असूनही दर खेपेला असेच होत असेल, तर एफबीआयकडे अर्ज करून आपली ओळख नोंदवून ठेवता येते आणि त्याचा विशिष्ट क्रमांक पुढच्या अर्जावर लिहिता येतो.

रायफल हातात घेताना ती दुकानदाराने उघडून दाखवलेली असली, तरी आपणही चेंबर तपासावे. यात त्याचा अपमान नाही. उलट चांगला दुकानदार अशा गिऱ्हाइकाकडे समाधानाने पाहतो. हिशेब करताना रायफलीचे साडेतीनशे डॉलर धरले, तर तिजोरी, कानांचे व डोळ्यांचे संरक्षण, पाचशे-हजार काडतुसे, साफसफाईचे सामान आणि एक वर्ग मिळून तेवढेच किंवा थोडे अधिक पैसे बाजूला ठेवावेत. एवढी रक्कम एकदम जमत नसेल, तर रायफल दोन महिने उशिरा घ्यावी. संरक्षण आणि शिक्षण यांत काटकसर करू नये.

आठवी पायरी : पहिले काही महिने

पहिला वर्ग माणसाकडून घ्यावा, पडद्यावरून नव्हे. ‘प्रोजेक्ट ॲपलसीड’ ही स्वयंसेवकांची दोन दिवसांची शिबिरे देशभर होतात आणि ती प्रामुख्याने .२२ रायफलींवर, २५ मीटर किंवा यार्डांच्या अंतरावर चालतात. पट्टा कसा वापरायचा, झोपून, बसून आणि उभे राहून नेम कसा धरायचा, हे तेथे फार आस्थेने शिकवले जाते. मधल्या वेळात १९ एप्रिल १७७५ च्या लेक्सिंग्टन आणि काँकर्डच्या, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या पहिल्या लढ्याची हकिकत सांगतात, तीही ऐकण्यासारखी असते. राज्यांचे शिकारी-शिक्षणाचे वर्गही, शिकार करायची नसली तरी, सुरक्षेच्या दृष्टीने उपयोगी पडतात.

रेंजवर ‘सीझ फायर’ ही हाक कानावर पडली, की ट्रिगरवरून बोट काढावे, रायफल रिकामी करून बोल्ट उघडा ठेवावा, ती टेबलावर ठेवून मागे व्हावे आणि पुढची हाक येईपर्यंत तिला स्पर्शही करू नये. कोणी निशाणाचा कागद बदलायला पुढे गेलेले असते. ट्रिगर दाबूनही गोळी सुटली नाही, तर नळी निशाणाकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबावे, कारण काडतूस क्वचित उशिरा पेटते; .२२ मध्ये असे फुसके काडतूस मधूनमधून निघतेच. नेहमीपेक्षा दबका आवाज आला, तर पुढची गोळी झाडू नये. गोळी नळीत अडकलेली असू शकते.

कपड्यांचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. उजवीकडे उडालेली पुंगळी चांगली गरम असते, आणि शेजारच्या माणसाची पुंगळी मोठ्या गळ्याच्या कुर्त्यात किंवा टी-शर्टात पडली, की माणूस दचकून गर्रकन वळतो आणि हातातली भरलेली रायफलही त्याच्याबरोबर वळते. म्हणून गळाबंद शर्ट, टोपी आणि बंद बूट घालावेत, आणि चटका बसला तरी आधी रायफल निशाणाकडे रोखूनच खाली ठेवायची, हे मनाशी पक्के करून जावे. बंदिस्त रेंजवर शिशाची बारीक धूळ असते. तेथे खाऊ-पिऊ नये, निघताना हात-तोंड साबणाने धुवावे, बूट घराच्या दाराबाहेर काढावेत, आणि लहान मूल कडेवर घेण्याआधी कपडे बदलावेत.

काडतुसे सुरुवातीला चांगल्या प्रतीची घ्यावीत. सीसीआयच्या मिनी-मॅगसारखी ४० ग्रेन वजनाच्या गोळीची वेगवान काडतुसे १०/२२ ला सहसा अडकू देत नाहीत. उलट ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या शांत काडतुसांत बोल्ट पुरता मागे ढकलण्याइतका जोर अनेकदा नसतो, आणि नवखा माणूस रायफलीला दोष देत बसतो. .२२ काजळी आणि मेण पुष्कळ सोडते, तेव्हा बोल्टचा पुढचा भाग आणि चेंबर नियमित पुसावे. साफसफाईच्या टेबलावर काडतुसे ठेवू नयेत.

.२२३ किंवा आणखी मोठी रायफल घेण्याचा विचार २५ यार्डांवर एका इंचाच्या आसपास गोळ्या जमू लागल्यावर करावा. त्यापूर्वी मोठे काडतूस घेतले तर फक्त आवाज वाढतो.

भारतात जाताना

रेंजची पिशवी आणि प्रवासाची बॅग या दोन वेगळ्या असाव्यात, आणि एकीचे काम दुसरीकडून कधीही करून घेऊ नये. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशाच्या सामानात विसरलेले एखादे काडतूस सापडून १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला गेल्याच्या बातम्या वारंवार येतात, आणि ‘चुकून राहिले’ हे सिद्ध करेपर्यंत सुट्टी पोलीस ठाणे आणि वकील यांच्यात जाते. .२२ चे काडतूस पेनाच्या टोपणाहूनही लहान असते. ते अस्तराच्या शिवणीत, जाकिटाच्या आतल्या खिशात, मुलाच्या दप्तराच्या तळाशी सहज दडते. म्हणून रेंजवरून आल्यावर खिसे रिकामे करण्याची सवय ठेवावी. रेंजवर घातलेले जाकीट सामानात भरायचे असेल, तर प्रत्येक खिसा उलटा करून पाहावा, आणि आपण भारतात असताना रायफलीची तिजोरी कोणाच्या हवाली करून जायचे, हे तिकिटे काढतानाच ठरवावे. किल्ली पात्र व्यक्तीकडेच द्यावी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून जावे. घराकडे लक्ष ठेवायला आलेल्या विद्यार्थी भाच्याकडे, तो कितीही जबाबदार असला तरी, ती देऊ नये, कारण त्याचा एफ-१ व्हिसा त्याला ती बाळगू देत नाही.